दुर्मिळ पक्ष्याच्या मागे एक दिवस : आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न (गोवा, विद्यार्थी मंडळी)

दरवर्षी नवीन पोरं आमच्या पक्षी बघायच्या ग्रुपमध्ये येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, काही पोरांचे आईबाबाही विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आमच्यात कोणी एक्सपर्ट नाही, सगळे कॉलेजवाले. खरी नावं लिहीत नाही, ग्रुपमधली टोपणनावंच वापरतो, सगळी पक्ष्यांचीच. कोतवाल म्हणजे आमचा सीनियर, सगळ्यांवर ओरडतो म्हणून. पाणकावळा म्हणजे जो कुठेही गेला की ओला होऊन येतो तो. ढोकरी म्हणजे फर्स्ट इयरची मुलगी, एका जागी अर्धा तास न हलता उभी राहते. आणि मी घुबड, कारण सांगायची गरज नसावी.

दुर्मिळ पक्ष्याच्या मागे लागणं म्हणजे नक्की काय करता?

कुणाला तरी कुठेतरी एक पक्षी दिसतो जो तिथे सहसा नसतो, त्याची बातमी पसरते, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे दोन-तीन गाड्यांवर डबल सीट तिथे पोचतो. दहातल्या सहा वेळा पक्षी उडून गेलेला असतो. उरलेल्या चार वेळांत दोनदा तो दिसतो पण इतका लांब की नुसता ठिपका. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मग पोरं म्हणतात तुम्ही फसवलं.

दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ? आमच्या अंगणात रोज खंड्या येतो, तो चालेल का?

बघायला चालेल, धावत यायला नाही. दुर्मिळ ही त्या पक्ष्याची जात नाही, जागेचा आणि वेळेचा हिशोब आहे. करड्या डोक्याची टिटवी घ्या. ती चीनच्या ईशान्येला आणि जपानात वीण करते आणि थंडीत आग्नेय आशियात, बांगलादेशात, आपल्या ईशान्य भारतात उतरते. तिकडे तिला कोणी वळूनही बघत नाही. तीच गोव्यात एखाद्या शेतात उतरली की इथे पोरांची झोप उडते. उलट आपल्याकडे तांबडी सुर्लाच्या रस्त्यावर शीळकरी कस्तूर इतका सहज गातो की आम्ही मान वर करत नाही, आणि दिल्लीहून आलेला माणूस तिथे गाडी थांबवून उभा राहतो.

गोव्यात आजवर साडेचारशेहून जास्त जातींची नोंद आहे, आणि राज्य केवढं तर ३,७०२ चौरस किलोमीटर. खाडी, खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, सडे, किनारा आणि वर सह्याद्री, सगळं दीड तासाच्या अंतरात. म्हणून विद्यार्थ्याला परवडतं. हेच विदर्भातल्या पोराला करायचं तर पेट्रोलमध्येच फी गेली असती.

बातमी कळते कुठून?

आधी व्हॉट्सॲप, मग ईबर्ड. ईबर्ड हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, २००२ पासून चालू आहे, फुकट आहे. त्यात आपल्या भागाचा अलर्ट लावला की दुर्मिळ नोंद झाल्यावर ईमेल येतो. पण तो येईपर्यंत व्हॉट्सॲपवर लोकेशन पिन फिरून झालेली असते. तिसरा आणि सगळ्यात भरवशाचा सोर्स म्हणजे शेतातले लोक. करमळीला एक काका आहेत, त्यांना सगळे मोठे पक्षी गरुडच, म्हणजे धनेशही गरुड आणि बगळासुद्धा कधीकधी गरुड, पण 'काल हय असलो एक येयिल्लो, आदी केन्ना पळयिल्लो ना' असं ते बोलले की आम्ही मुकाट दुर्बीण काढतो.

किती वाजता उठावं लागतं?

तळ्यावर उजाडायच्या आत. थंडीत पणजीहून निघायचं तर सव्वापाच. यावर चर्चा नाही. जो सहाला 'निघतोय रे' टाकतो तो अंथरुणातून टाकतो हे सगळ्यांना माहीत आहे.

त्या टिटवीच्या रविवारी नेमकं काय झालं? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

खरं काय ते मीच सांगतो कारण चूक माझी होती.

शनिवारी रात्री पावणेदहाला एक फोटो आला. करमळी तळ्याच्या कडेचं शेत, कापणी झालेलं, आणि त्यात एक टिटवी जिचं डोकं करडं वाटत होतं. फोटो कसला, मोबाईल दुर्बिणीला लावून काढलेला, टिटवी साबुदाण्याएवढी. पण करड्या डोक्याची टिटवी असू शकते म्हटल्यावर कोतवालाने लगेच 'उद्या ५.१५' टाकलं, आणि दहा मिनिटांत सहा अंगठे.

सकाळी सहा वीसला आम्ही बांधावर. तुम्हाला माहीत नसेल तर, करमळी तळं कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनच्या अगदी जवळ आहे, जुन्या गोव्यापासून पाच-दहा मिनिटं. थंडीत तिथे अडई बदकं शेकड्याने, जांभळ्या पाणकोंबड्या शेवाळात पाय उचलून उचलून चालतायत, कमळपक्षी पानांवरून धावतायत. त्या दिवशी धुकं होतं आणि सूर्य आमच्या समोर. ही पहिली चूक. सूर्य पाठीशी घ्यायचा हे आम्ही प्रत्येक नव्या पोराला सांगतो आणि स्वतः विसरलो.

पाऊण तास काही नाही. साध्या टिटव्या भरपूर, त्यांचं ते 'टिटीव टिव टिव' चालूच. मग सात दहाच्या सुमारास कोतवाल हळूच म्हणाला, ती बघ, नांगरटीच्या पलीकडे, एकटी. मी दुर्बीण लावली. पिवळे पाय, नक्की. छाती तपकिरी-करडी आणि तिच्याखाली गडद रेघ, दिसली. डोकं धुक्यात जे दिसायला पाहिजे होतं तसंच दिसलं. पाणकावळा म्हणाला 'आहे आहे', मी म्हटलं 'आहे', आणि पुढच्या वीस सेकंदात मी तीन ग्रुपवर 'दिसली!!! करमळी, पूर्वेचं शेत' टाकून मोकळा झालो. कोतवालाने तर लिस्टमध्ये टिकही केली.

ढोकरी बाजूला उभी होती. ती म्हणाली, 'दादा, तिच्या डोक्यावर काळी टोपी आहे ना?'

कोणी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण मी म्हणालो, अगं सावली असेल. फर्स्ट इयर, दुसरीच ट्रिप, तिच्या हातात क्लबची जुनी दुर्बीण जिची एक बाजू फोकसच होत नाही. ती गप्प बसली आणि बघत राहिली. आम्ही सेल्फी काढत होतो.

दहा मिनिटांनी धुकं उचललं, आणि ती टिटवी आपणहून चालत चालत जवळ आली, साधारण तीस मीटरवर. डोक्यावर काळी टोपी, तिच्याखाली पांढरा पट्टा, डोळ्यापुढे लटकणारी पिवळी झूल, चोच काळी. माळटिटवी. म्हणजे आपल्या सड्यांवर कुठेही दिसते ती, पर्वरीच्या सड्यावर शाळेतली पोरंसुद्धा ओळखतात. फरक कसा करायचा ते आता मला झोपेतही सांगता येईल. करड्या डोक्याच्या टिटवीची चोच पिवळी आणि टोकाला काळी, डोकं नि मान सगळी करडी, छातीखाली रुंद काळा पट्टा, आणि ती साध्या टिटवीपेक्षाही जराशी मोठी. माळटिटवी लहान असते, छातीखालची रेघ बारीक. पण ती एकटी उभी असताना लहान-मोठं कळणार कशावरून? शेजारी साधी टिटवी यायची वाट बघायला हवी होती. आम्ही वाट बघितली ती फक्त 'दिसली' म्हणण्याची.

मग चुकीचा मेसेज गेला त्याचं काय केलं?

तोपर्यंत म्हापशाहून एक गाडी आणि मडगावहून दोन बाईक निघाल्या होत्या. फोन केले. मडगाववाले वेर्ण्याच्या पुढे आले होते, ते शिव्या देत आले तरी आले. म्हापशाच्या गाडीत एक आजोबा होते जे चाळीस वर्षं पक्षी बघतायत, ते फक्त हसले आणि म्हणाले, 'माळटिटवी पण बरीच असते हो, बघूया तिलाच.' त्यांना भजी आणि चहा माझ्याकडून, मडगाववाल्यांनाही. माझे तीनशे चाळीस रुपये गेले.

नियम मात्र तेव्हापासून पक्का झाला. चूक कळली की त्याच ग्रुपवर, त्याच ठिकाणी, लगेच लिहायचं की 'माझी ओळख चुकली, माळटिटवी आहे'. मेसेज गुपचूप डिलीट करायचा नाही. डिलीट केला की ज्याने आधी वाचला तो अजून रस्त्यावरच असतो.

फोटो नाही तर नोंद धरतात का?

धरतात, पण वर्णन नीट पाहिजे. ईबर्डवर त्या भागात त्या महिन्यात न दिसणारा पक्षी टाकला की ते विचारतं, काय बघितलं ते लिहा. मग स्वयंसेवक असतात ते तपासतात. 'नक्की तोच होता, आम्ही चौघांनी बघितला' हे वर्णन नाही. चौघांनी एकाच सेकंदाला एकाच माणसाचं ऐकून बघितलेलं असतं, आमचंच उदाहरण वर आहे. चोचीचा रंग, पाय, छाती, किती अंतर, उजेड कुठून, आणि ज्याच्याशी गल्लत होऊ शकते तो का नाही, हे लिहायचं.

आणि खात्री नसेल तर जातीपर्यंत न जाता वर थांबता येतं. 'कुठला तरी टर्न' (म्हणजे सुरय), 'कुठला तरी ससाणा' असं टाकायची सोय आहे. नवीन पोरांना यात कमीपणा वाटतो. मलाही वाटायचा.

अजून एक, लिस्ट टाकताना जे जे ओळखलं ते सगळं टाकायचं, कावळा आणि साळुंकीसकट. फक्त भारी पक्षी टाकले तर त्या लिस्टचा अभ्यासाला काही उपयोग नाही, कारण काय नव्हतं ते त्यातून कळत नाही.

मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सांगतं की, मग तुम्ही कशाला?

सांगतं, आणि बऱ्याचदा बरोबर सांगतं. पण गोव्याच्या जंगलात भृंगराज नावाचा गृहस्थ आहे, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पाकळ्या, तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. हरेवाही करतो. मोलेमला एकदा ॲपवर पाच मिनिटांत पाच पक्षी आले आणि पाणकावळा नाचायला लागला, वर बघितलं तर एकटा भृंगराज फांदीवर बसून कार्यक्रम करत होता. ॲपने नाव सुचवलं की ते शोधायला सुरुवात करायची. टिक शोधून झाल्यावर.

टिटवी गेली, मग दिवसाचं काय केलं? तांबडी सुर्ला तिथून जवळ आहे का?

जवळ अजिबात नाही, फोंड्यावरून सव्वा-दीड तास लागतो. पण सगळ्यांची तोंडं पडली होती आणि घरी जायला कोणी तयार नव्हतं, तेवढ्यात कोतवालाला मेसेज आला की तांबडी सुर्लाच्या ओढ्यावर निळ्या कानाचा खंड्या बसतोय. मग काय.

तांबडी सुर्लाला महादेवाचं काळ्या बेसाल्टचं कदंबकालीन देऊळ आहे, बाराव्या-तेराव्या शतकातलं, सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं. शाळेच्या सहलीत कोणी वर झाडाकडे बघत नाही, एवढाच प्रॉब्लेम. त्या परिसरात कर्णा, तिन्ही-चारी प्रकारचे धनेश, नवरंग, हृदयाचे ठिपके असलेला सुतार, सगळं आहे. आणि गोव्याचा राज्यपक्षी तिथेच सापडतो, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, काळं डोकं आणि गळ्यावर जणू कोणी कुंकवाचं बोट ओढलंय असा.

आम्ही पोचलो साडेदहाला. जंगलात साडेदहा म्हणजे पक्ष्यांची दुपार. ओढ्याजवळ एक तास बसलो. निळ्या कानाचा खंड्या आपल्या नेहमीच्या छोट्या खंड्यासारखाच दिसतो, फक्त जास्त गडद निळा आणि गालावर तांबूस रंग नाही, तिथेही निळाच. ऐकायला सोपं आहे. पण त्याच्या पिल्लांच्या गालावर तांबूस रंग असतो, त्यामुळे तांबूस दिसला म्हणजे साधा खंड्या असं धरून चालत नाही. आम्हाला काय दिसलं? पाण्यावरून एक निळी रेघ गेली. एवढंच. वळणावरून आली आणि वळणावर गेली. कोतवाल माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. पाणकावळा म्हणाला, 'तोच होता रे.' ढोकरी काहीच बोलली नाही, वही काढून लिहिलं : खंड्या, लहान, जात माहीत नाही, ११.२५. यावेळी आम्ही तिघांनीही तेच लिहिलं.

त्या दिवशी नशिबात एकच गोष्ट होती आणि ती दिली एका स्थानिक गाईड दादाने. तो बराच वेळ आमच्याकडे बघत होता, मग म्हणाला या. रस्त्यापासून दहा पावलं आत, खांद्याच्या उंचीवर, वेलीच्या वाळक्या पानांत दोन अजून वाळकी पानं. मी दोन मिनिटं त्यांच्याकडे थेट बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. मग एका पानाने डोळा किलकिला केला. फ्रॉगमाऊथची जोडी, एक करडा, एक तांबूस, अंगाला अंग लावून, चोचीवर मिशांसारखे केस. दिवसभर असेच झोपतात, म्हणून दुपारीसुद्धा सापडतात. दादाने बोटाने तीन दाखवलं, म्हणजे तीन मिनिटं, आणि मग मागे फिरा. पाणकावळ्याने फ्लॅश चालू केला तर त्याच्या हातावर चापट मारली. दादाला आम्ही प्रत्येकी शंभर रुपये दिले, द्यायलाच हवेत. नुसतं नेटवरून लोकेशन उचलून घुसण्यापेक्षा तिथल्या माणसाला घेऊन जा, जागा त्याची आहे.

मोरजी आणि जंगल एका दिवसात होतं का?

होतं, आम्ही एकदा केलं, पक्ष्यांपेक्षा पेट्रोल पंप जास्त बघितले. नका करू.

मोरजीला जायचं असेल तर आधी भरती-ओहोटी बघा. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे तेंबवाड्याच्या वाळूवर थंडीत कुरव पक्षी हजारोंनी बसतात. तपकिरी डोक्याचे, काळ्या डोक्याचे, जे थंडीत दोन्ही पांढऱ्याच डोक्याचे असतात, नावं ठेवणाऱ्याला कोण विचारणार. त्या हजारोंत एखादा बारीक चोचीचा कुरव शोधायचा म्हणजे चतुर्थीच्या बाजारात काकूला शोधण्यासारखं आहे. सगळी साडी तशीच. तिथे कासवांची अंडी घालायची जागाही आहे, ऑलिव्ह रिडलेची, दोरी लावलेल्या भागात पाय टाकायचा नाही. आणि वाळूवर बसलेल्या थव्याच्या मधून पळत जाऊन उडतानाचा फोटो काढायचा नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला तुमच्या रीलसाठी उठवायचं?

दक्षिण गोव्यातल्यांनी काय करायचं, सगळं तुम्ही उत्तरेतच करता.

तक्रार मान्य. कुडचड्याचं नंदा तळं आहे, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, गोव्यातलं पहिलं. खोतीगाव आहे, नेत्रावळी आहे. आमच्यातले जास्त जण तिसवाडी-बार्देशचे आणि आळशी, हेच खरं कारण.

दुर्बीण नाही, यायचं का?

या. क्लबच्या दोन आहेत, त्यातली एक वर सांगितली तशी. घ्यायचीच असेल तर ८x४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट, बारापट बघून भुलू नका, जेवढी पट जास्त तेवढा हात हललेला जास्त दिसतो. कॅमेऱ्याने सुरुवात करू नका हे माझं मत, ग्रुपमध्ये यावर भांडणं होतात. कॅमेरावाला पोरगा पक्षी बघतच नाही, घरी जाऊन स्क्रीनवर बघतो.

आवाज वाजवून पक्षी बाहेर काढता का?

नाही. काही ग्रुप काढतात. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, तो सगळं सोडून भांडायला येतो, तुम्ही फोटो काढून जाता आणि तो अर्धा तास नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. घरट्यावर तर अजिबात नाही. पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याच्या, रस्त्याच्या कडेच्या मातीत बीळ करून अंडी घालतो, तिथे काय गर्दी होते ती मी एकदा बघितली आणि पुन्हा गेलो नाही. घरट्याची पिन कुठल्याच ग्रुपवर टाकायची नाही. हा आमचा एकच नियम आहे ज्यात बाहेर काढतात.

साप, जळवा, गोचिडी?

सापांपेक्षा गोचिडींची काळजी घ्या. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे म्हणजे केएफडीचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीतून येतो, आणि काजूच्या मोसमात लोक बागायतीत फिरतात तेव्हा जोर असतो. फुल पँट मोज्यात खोचा, दिसायला बावळट दिसतं पण तिथे बघायला कोण आहे. पानांच्या ढिगात बसकण मारायची नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी आलात की कपडे थेट पाण्यात आणि आंघोळ. जळवांना घाबरू नका, त्या फक्त मोजे खराब करतात.

पावसाळ्यात बंद असतं का?

जंगल बऱ्यापैकी बंद, ग्रुप नाही. जून ते सप्टेंबर मोठं वादळी वारं झालं की खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर फेकले जातात, बूबी, फ्रिगेटबर्ड, नॉडी असले, थकलेले. किनाऱ्यावर चालत जायचं आणि बघायचं. असा पक्षी सापडला तर पाणी पाजू नका, मासा कोंबू नका, परत समुद्रात तर मुळीच फेकू नका, लोकांना वाटतं पाण्यातला आहे म्हणजे पाण्यात सोडावा. खोक्यात, सावलीत, शांत ठेवा आणि वनखात्याला फोन करा.

खायचं काय?

पाव-पातळभाजी, मिरची, चहा. जुन्या गोव्यात सकाळी साडेआठला गरम पाव मिळाला तर पक्षी न दिसल्याचं दुःख अर्धं होतं. ढोकरी घरून पोळीभाजी आणते आणि कोणाला देत नाही.

नावं मराठीत घ्यायची की इंग्लिशमध्ये?

दोन्ही पाठ करा. लिस्टमध्ये इंग्लिश लागतं, पण करमळीच्या काकांना 'लेसर व्हिसलिंग डक' म्हणून बघा काय होतं ते. अडई म्हटलं की लगेच सांगतात रात्री कुठे उतरतात ते. मराठी पुस्तकातली काही नावं कोणी बोलताना वापरत नाही हेही खरं, फ्रॉगमाऊथला आम्ही फ्रॉगमाऊथच म्हणतो.

आईचा प्रश्न : रविवारी पहाटे पाचला मुलांबरोबर जंगलात, आणि येणार कधी?

काकू, आमच्यात निम्म्या मुली आहेत, कोण कोणाच्या गाडीवर आहे ते आदल्या रात्री घरी पाठवतो, हेल्मेट दोघांनाही, आणि अंधार पडायच्या आत घाट सोडतो. माझी आई अजून विचारते की पक्षी बघून पोट भरतं का. नाही भरत. पण फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, भारत त्यात २०१३ पासून आहे, घराच्या मागे पंधरा मिनिटं उभं राहून मोजलं तरी चालतं, तेव्हा आईला माझ्याबरोबर उभं केलं होतं. तिने मला न दिसलेला निलांग दाखवला. 'रोज असतो तो तिथे विहिरीपाशी,' म्हणे. मी वीस वर्षं त्या घरात राहतोय.

शेवटी ती करड्या डोक्याची टिटवी होती की नव्हती?

होती.

परत येताना संध्याकाळी पाचला आम्ही पुन्हा करमळीला थांबलो, यावेळी सूर्य पाठीशी घेऊन. अंधार पडेपर्यंत एकूण एक टिटवी बघितली. नाही. कोतवाल म्हणाला शनिवारचा फोटोच माळटिटवीचा असणार, आणि सगळ्यांना ते पटलं कारण घरी जायचं होतं.

ढोकरी जुन्या गोव्यात राहते. सोमवारी सकाळी कॉलेजच्या बसआधी ती एकटीच सायकलने गेली, कोणाला न सांगता. सहा पन्नासला तिला ती दिसली, साध्या टिटव्यांच्या घोळक्यात, त्यांच्याहून थोडी मोठी. तिने मेसेज टाकला नाही. वहीत चित्र काढलं, पेन्सिलने, चोचीच्या टोकाशी बाण काढून 'काळं' लिहिलं, छातीखाली बाण काढून 'रुंद'. मग टिटवी उडाली तेव्हा पंखावरचा पांढरा भाग बघितला, परत बसली तेव्हा मोबाईलने तीन फोटो काढले, आणि मग आठ पाचला ग्रुपवर टाकलं : 'मला वाटतं ही ती आहे. कोणीतरी तपासाल का?'

आठ पाचला आम्ही सगळे लेक्चरला. मी मोबाईल बघितला साडेनऊला. कोतवाल मधल्या सुट्टीत पळाला, मडगाववाले दुपारी आले, म्हापशाचे आजोबाही आले, त्यांनी तिच्या वहीतल्या चित्राचा फोटो काढून नेला. मला प्रॅक्टिकल होतं, सरांनी सोडलं नाही. मी चारला पोचलो तेव्हा शेतात एक माणूस पॉवर टिलर घेऊन उतरला होता आणि एकही टिटवी नव्हती, साधीसुद्धा.

म्हणजे तुम्हाला अजून दिसलीच नाही?

नाही. पुढचा प्रश्न.

येत्या रविवारी कुठे?

करमळी. सव्वापाच. ढोकरी सांगेल कुठे उभं राहायचं ते.